१७ सप्टेंबर : परभणी, जेरुसलेम आणि दिल्ली

परभणीत १७ सप्टेंबरला सकाळी झेंडावंदन होते. १९४८ साली याच दिवशी हैदराबादच्या निजामाने शरणागती जाहीर केली आणि मराठवाडा मोकळा झाला. जेरुसलेमच्या इतिहासातही ती तारीख रक्ताने लिहिलेली आहे. त्याच दिवशी तिथल्या रस्त्यात संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट फोक बर्नाडोट यांचा ताफा अडवून त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मारेकरी ‘लेही’ या ज्यू अतिरेकी गटाचे होते. पॅलेस्टिनी निर्वासितांना आपल्या घरी परतू द्यावे, असा अहवाल बर्नाडोट यांनी आदल्याच दिवशी पूर्ण केला होता. पुढे दोन वर्षांनी, १७ सप्टेंबर १९५० रोजी, भारताने इस्रायलला मान्यता दिली.

आणखी एक तारीख आहे, २९ नोव्हेंबर १९४७. त्या दिवशी हैदराबाद संस्थान आणि भारत सरकार यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला आणि त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव संमत केला. तारखा जुळल्या तो योगायोग. पण त्यांच्यामागचे राजकारण मात्र एकमेकांत चांगलेच गुंतलेले होते, आणि भारताचे इस्रायल-पॅलेस्टाईन धोरण समजून घ्यायचे तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

फाळणीच्या ठरावाच्या बाजूने ३३ मते पडली, विरोधात १३, तटस्थ १०. भारत विरोधात होता. एकूण लोकसंख्येत ज्यूंचा वाटा साधारण एक तृतीयांश, आणि ठरावाने त्यांना दिलेली जमीन निम्म्याहून अधिक. अरबांना हा अन्याय वाटला. युरोपात साठ लाख माणसे गमावलेल्या ज्यूंना ती जगण्याची शेवटची संधी वाटली. भारताने नुसता नकार दिला नव्हता, हे मात्र आपण विसरलो. प्रश्नाचा अभ्यास करायला नेमलेल्या अकरा देशांच्या समितीत भारताचे प्रतिनिधी न्यायमूर्ती अब्दुर रहमान होते. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तिघांनी वेगळा आराखडा मांडला : एकच संघराज्य, त्यात अरब आणि ज्यू अशी दोन घटक राज्ये, जेरुसलेम राजधानी. दोन्ही बाजूंनी तो झिडकारला. ज्या देशाच्या पंजाब आणि बंगालमधून तेव्हा निर्वासितांचे लोंढे वाहत होते, त्याने फाळणीला दुसरा मार्ग सुचवावा, हे मला आजही मोलाचे वाटते. महाराष्ट्रातही यावर एकमत नव्हतेच. भारताच्या या मतदानावर सावरकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये जाहीर टीका केली होती.

मग १९४८ मध्ये हैदराबादचे प्रकरण सुरक्षा परिषदेत गेले. निजामाच्या सरकारने २१ ऑगस्टला तक्रार केली आणि १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये परिषदेने ती चर्चेला घेतली. परिषदेत तेव्हा सीरिया हा सदस्य होता. काश्मीरचा प्रश्न जानेवारीपासूनच तिथे पडून होता. अशा वेळी अरब देशांना दुखावणे नेहरूंना परवडणारे नव्हते. १९४९ मध्ये इस्रायलच्या संयुक्त राष्ट्रांतील प्रवेशालाही भारताने विरोध केला, आणि १९५० ची मान्यता आली तीसुद्धा दूतावासाशिवाय. तत्त्व होते, गांधीजींनी १९३८ च्या ‘हरिजन’मध्ये मांडलेली भूमिका होती, देशातल्या मुसलमानांच्या भावनांचा विचार होता. पण परभणी-नांदेडसारख्या जिल्ह्यांचे भवितव्य ज्या टेबलावर ठरत होते, त्या टेबलाचा हिशेबही त्यात होता.

हैदराबादचा पॅलेस्टाईनच्या भूमीशी संबंध मात्र याहून जुना. पहिल्या महायुद्धात निजामाचे हैदराबाद लान्सर्स पॅलेस्टाईनच्या मोहिमेत लढले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातले तीन घोडेस्वार जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबादचे. २०१८ मध्ये त्या चौकाच्या नावात इस्रायलमधल्या ‘हैफा’ शहराचे नाव जोडले गेले.

मान्यता मिळाली, पण चार दशके भारतात इस्रायलचे कार्यालय होते ते फक्त मुंबईत, आणि तेही वाणिज्य दूतावासाच्या दर्जाचे. १९५३ पासून ते नीट चालू झाले. १९५२ मध्ये इस्रायलच्या परराष्ट्र खात्याचे वॉल्टर एटान दिल्लीला येऊन गेले होते आणि पूर्ण संबंधांची बोलणीही झाली होती, पण पुढे काही घडले नाही. मुंबईतल्या वाणिज्यदूताला महाराष्ट्रापुरतेच काम करण्याची मुभा. १९८२ मध्ये योसेफ हासीन या वाणिज्यदूताने वर्तमानपत्राच्या मुलाखतीत भारताच्या धोरणावर टीका केली, तर त्यांना देश सोडायला सांगण्यात आले. १९८९ मध्ये केरळ कार्यक्षेत्रात आले, तेव्हा कुठे कार्यालयाची सीमा महाराष्ट्राबाहेर सरकली. दरम्यान १९७७ मध्ये मोरारजी देसाईंचे सरकार असताना इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुपचूप भारतात येऊन गेले. म्हणजे भेटायचे, पण कुणाला कळू द्यायचे नाही.

या कार्यालयात सर्वाधिक राबता होता तो आपल्याच माणसांचा. अलिबाग, रेवदंडा, पनवेल भागातले बेने इस्रायली म्हणजे कोकणातले ‘शनिवार तेली’. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून हे नाव. घरात मराठी, नावापुढे रोहेकर, पेणकर, नवगावकर. नवस फेडायला ते एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा करतात : भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वर फळे. १९४८ नंतर वीस हजारांच्या आसपासच्या या समाजातले बहुतेक जण हळूहळू इस्रायलला गेले. तिथे सगळे गोड झाले नाही. भेदभाव सोसून काही कुटुंबांनी १९५१-५२ मध्ये तेल अवीवला निदर्शने केली आणि ती मुंबईला परत आली. साठच्या दशकात तर तिथल्या काही धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेऊन लग्ने अडवली. अखेर १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. आज अशदोद, लोद, दिमोना इथे त्यांची घरे आहेत, आणि इस्रायलमधून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघत आले. क्षेपणास्त्रांचा भोंगा वाजला की तळघराकडे पळणाऱ्यांत मराठी बोलणाऱ्या आजीही असतात.

त्याच काळात दिल्लीने पॅलेस्टाईनला मात्र मनापासून जवळ केले. १९७५ मध्ये पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे कार्यालय दिल्लीत उघडले, १९८० मध्ये त्याला पूर्ण राजनैतिक दर्जा मिळाला, आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाईन राष्ट्राला मान्यता देणाऱ्या पहिल्या देशांत भारत होता. मुक्ती संघटनेचे नेते यासर अराफत इंदिरा गांधींना बहीण मानत.

बदल झाला तो २९ जानेवारी १९९२ रोजी, भारताने इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जाहीर केले तेव्हा. पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव हे पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातले, मराठी उत्तम जाणणारे आणि रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेलेले. त्यांच्या मंत्रिमंडळात गृहखाते नांदेडच्या शंकरराव चव्हाणांकडे आणि संरक्षण शरद पवारांकडे होते. सोव्हिएत संघ नुकताच कोसळला होता. माद्रिदच्या परिषदेत अरब आणि इस्रायली समोरासमोर बसले होते. पूर्ण संबंध जाहीर करण्याच्या काही दिवस आधी अराफत स्वतः दिल्लीत येऊन गेले होते. मित्राला अंधारात न ठेवता शत्रू मानलेल्याशी हात मिळवला, ही रावांच्या मुत्सद्देगिरीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट.

त्यानंतर शस्त्रे, ठिबक आणि बियाणे यांच्या वाटेने संबंध वाढत गेले. कारगिलमध्ये इस्रायलची मदत झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात नरिमन हाउसमध्ये ज्यू धर्मगुरू गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि इतर चौघे मारले गेले, तेव्हा मुंबई आणि जेरुसलेमचे दुःख एक झाले. २०१७ मध्ये पंतप्रधान मोदी इस्रायलला गेले, पण त्याच दौऱ्यात पॅलेस्टाईनमधल्या रामल्लाला गेले नाहीत. तिथे ते २०१८ मध्ये स्वतंत्रपणे गेले. दोन्ही खाती वेगळी ठेवायची, एकाचा हिशेब दुसऱ्यात मिसळायचा नाही, हे आजचे धोरण. १९९२ पूर्वी एका बाजूशी उघड बोलणेच बंद होते, म्हणून ती चूक होती. आता दोघांशी बोलणे आहे, पण दोघांमधल्या प्रश्नावर बोलणे फार थोडे आहे. मला ही उणीव अधिक टोचते, कारण आता बोलायला दार उघडे आहे.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर हल्ला करून सुमारे १,२०० जणांना मारले आणि अडीचशेच्या आसपास माणसांना ओलीस नेले. त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदींप्रमाणे साठ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले. त्या काळातली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतली भारताची मते पाहा. ऑक्टोबर २०२३ च्या ठरावावर तटस्थ, डिसेंबर २०२३ मध्ये युद्धबंदीच्या बाजूने, जून २०२५ मध्ये पुन्हा तटस्थ, आणि १२ सप्टेंबर २०२५ रोजी दोन राष्ट्रांच्या तोडग्याला पाठिंबा देणाऱ्या न्यूयॉर्क जाहीरनाम्याच्या बाजूने. प्रत्येक मताला परराष्ट्र खात्याकडे कारण असेल. पण १३ मे २०२४ रोजी राफामध्ये संयुक्त राष्ट्रांच्या गाडीत भारतीय लष्करातले निवृत्त कर्नल वैभव काळे मारले गेले आणि पुण्यात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्यानंतर हा प्रश्न महाराष्ट्राला परका राहिला असे म्हणता येणार नाही.

इतर देशांनीही या प्रश्नात आपापल्या परीने हात घालून पाहिला. अमेरिकेने करारांवर करार केले आणि इस्रायलला शस्त्रे देणेही थांबवले नाही. छोट्या नॉर्वेने गुप्त चर्चेतून १९९३ चा ऑस्लो करार घडवला. २०२० च्या अब्राहम करारांनी अरब देश आणि इस्रायल यांना जोडले, पॅलेस्टाईनला बाजूला ठेवून. ऑस्लोमध्ये सीमा, निर्वासित, जेरुसलेम, वसाहती आणि पाणी हे सगळे प्रश्न ‘नंतर’वर ढकलले होते, आणि ते नंतर आलेच नाही.

पाण्याचा मुद्दा परभणीकराला वेगळा समजावून सांगायला नको. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर ज्याचा ऊस आणि सोयाबीन उभा आहे, त्याला वरच्या धरणांत पाणी अडले म्हणजे काय होते ते ठाऊक आहे. वेस्ट बँकेत इस्रायलच्या १९६७ च्या लष्करी आदेशापासून विहीर खोदायलाही परवाना लागतो, आणि १९८२ पासून तिथला पाणीपुरवठा मुख्यतः मेकोरोत या इस्रायली सरकारी कंपनीच्या हाती गेला. याच मेकोरोतशी महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये करार केला, परभणीसह आठ जिल्ह्यांच्या मराठवाडा वॉटर ग्रिडचा आराखडा करण्यासाठी. तंत्र शिकण्यात मला काहीच वावगे दिसत नाही. ठिबकने आपल्या शिवारांचे भले केले आहे. पण नाशिक आणि परभणी यांच्यात भांडण झाले तर २००५ चा कायदा आहे, जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे, ऑक्टोबरात जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचा नियम आहे, आणि शेवटी उच्च न्यायालय आहे. वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनच्या शेतकऱ्याला यातले काहीच नाही. ऑस्लोतून आलेल्या संयुक्त जल समितीत इस्रायलची संमती नसेल तर नव्या विहिरीसारखा पॅलेस्टिनी प्रकल्प पुढे सरकत नाही.

इथे भारताला करण्यासारखे खूप आहे. नदीखोऱ्यातल्या समन्यायी वाटपाचा कायदा कसा चालतो, कुठे अडतो, आंदोलने काय साधतात, हे मराठवाड्याने वीस वर्षे अंगावर काढले आहे. छत्रपती संभाजीनगरची वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था) आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ इथे इस्रायली आणि पॅलेस्टिनी अशा दोन्हीकडच्या जलअभियंत्यांना एकत्र बोलावून जायकवाडीचा ताळेबंद दाखवायला दिल्लीची परवानगी आणि थोडे पैसे लागतील. दोन्ही राजधान्यांत भारताचे शब्द ऐकले जातात. पुढच्या वेळी इस्रायलबरोबर पाण्याची बैठक बसेल, तेव्हा महाराष्ट्राच्या प्रतिनिधीने हा प्रस्ताव कागदावर ठेवावा, आणि परभणीच्या खासदाराने तो लोकसभेत विचारावा.