सेवा केंद्रासाठी प्रोसेसर : चार कोअर की सहा?

जांब समर्थसारख्या गावातल्या सेवा केंद्रासाठी संगणक घेताना 'जास्त कोअर म्हणजे जास्त वेग' हा हिशेब फसवा ठरतो. इंटेलचा आय३-१२१०० (२०२२) चार कोअरचा, एएमडीचा रायझन ५ ५६००जी (२०२१) सहा कोअरचा. कमाल वेग अनुक्रमे ४.३ आणि ४.४ गिगाहर्ट्झ, तरी एका कोअरच्या कामात आय३ पुढे, कारण त्याच्या कोअरची रचना नवी. ऑनलाइन अर्ज, सातबारा, मराठी टायपिंग यांत वेग जाणवतो तो बहुतेक एका कोअरचाच.

कुणी म्हणेल, व्हिडिओ एडिटिंगचं काय? तिथे रायझनच सरस, त्याचं अंगभूत ग्राफिक्सही दमदार. पण ते रोजचं काम नसेल तर जादा पैसे एसएसडी आणि यूपीएसमध्ये घाला. भाव विचारताना मदरबोर्ड-रॅमसह पूर्ण बेरीज विचारा. आणि हो, १२१००एफ स्वस्त दिसला तरी त्यात ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड घ्यावंच लागतं.