प्रौढ पुरुषातील व्हेरिकोसील : आढळलेला की उद्भवलेला?

वृषणकोषाची तक्रार रुग्ण संकोचाने सांगतो आणि पुष्कळदा वैद्यही ती संकोचानेच ऐकतो. परिणामी परीक्षा घाईने उरकली जाते. व्हेरिकोसीलच्या बाबतीत ही घाई महागात पडू शकते, हे आम्ही स्वानुभवाने शिकलो आहोत.

वृषणरज्जूतील शिराजालाचा विस्तार व वक्रता म्हणजे व्हेरिकोसील. सुमारे १५ टक्के पुरुषांत तो असतो. प्राथमिक वंध्यत्वाच्या पुरुष रुग्णांत हे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाते. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात वृद्धीचे सात प्रकार वर्णिले आहेत. त्यांत या व्याधीचा स्वतंत्र उल्लेख नाही. कोणी त्यास रक्तज वृद्धीत, तर कोणी सिराज ग्रंथीत गणतात. नामाविषयी मतभेद असोत, परीक्षेविषयी नसावेत.

परीक्षाविधी

दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा येथे यथार्थ उपयोगी पडते. खोली उबदार असावी. रुग्णास प्रथम उभे करून तपासावे. श्वास रोखून कुंथल्यावरच शिरा हातास लागल्यास प्रथम श्रेणी, न कुंथताही लागल्यास द्वितीय आणि नुसत्या डोळ्यांनी दिसल्यास तृतीय श्रेणी समजावी. दोन्ही वृषणांचा आकार व काठिण्य यांची तुलना करावी. त्यानंतर रुग्णास आडवे निजवावे. साधा व्हेरिकोसील निजल्यावर ओसरतो. ही शेवटची पायरी कधीही गाळू नये.

डावी बाजू, उजवी बाजू

डावी वृषणशिरा डाव्या वृक्कशिरेस जवळजवळ काटकोनात मिळते, तर उजवी तिरकस रीतीने थेट अधोमहाशिरेत जाते. म्हणून हा विकार बहुधा डावीकडे दिसतो व त्याचा आरंभ प्रायः पौगंडावस्थेत होतो. तिशीतील रुग्णात तो वंध्यत्वाच्या तपासणीत प्रथमच ‘आढळला’, तरी तो बहुधा जुनाच असतो. परंतु उतारवयाकडे झुकलेल्या पुरुषात तो अल्पावधीत ‘उद्भवला’ असेल, तर त्यामागे उदरातील अवरोधाची शंका घेतलीच पाहिजे. वृक्कार्बुद वृक्कशिरेत पसरल्यास डाव्या वृषणशिरेचा मार्ग रोधला जातो.

आमच्याकडे पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ डाव्या बाजूच्या जडपणाची तक्रार घेऊन आले. सूज दोन-तीन महिन्यांची होती. आम्ही त्यांस उभे करूनच तपासले आणि औषध सुरू केले. महिनाभराने उपशय दिसेना, तेव्हा त्यांस निजवून पाहिले. सूज तशीच राहिली. मग प्रश्न विचारला, तेव्हा मध्यंतरी एकदा लघवी लाल झाल्याचे त्यांनी सांगितले. सोनोग्राफीत डाव्या वृक्कात गाठ आढळली व शस्त्रक्रिया करावी लागली. तो एक महिना आमच्या हातून व्यर्थ गेला, याची खंत आजही आहे.

म्हणून अचानक उद्भवलेली, निजल्यावर न ओसरणारी अथवा झपाट्याने वाढणारी सूज असल्यास उदराची प्रतिमातपासणी आधी व्हावी. केवळ उजवीकडील लहान वा मध्यम व्हेरिकोसीलसाठी मात्र ती सरसकट करण्याची आवश्यकता नाही, असे २०२० सालच्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना सांगतात.

पुढील निर्णय

वंध्यत्वाची तक्रार असल्यास २ ते ७ दिवसांच्या संयमानंतर शुक्रपरीक्षण करावे आणि ते सदोष आल्यास काही आठवड्यांनी पुन्हा करावे. पत्नीची तपासणीही सोबतच व्हावी. हातास लागणारा व्हेरिकोसील, सदोष शुक्रपरीक्षण आणि वंध्यत्व या तिन्ही गोष्टी एकत्र असतील, तर शल्यतज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे. सोनोग्राफीतच दिसणाऱ्या, हातास न लागणाऱ्या शिरांसाठी शस्त्रक्रिया सुचविली जात नाही. लक्षणरहित व निर्दोष शुक्र असलेल्या रुग्णास धीर देणे हीच चिकित्सा होय.

शुक्राणूंच्या निर्मितीस सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे कोणत्याही उपचाराचे फळ तीन महिन्यांपूर्वी मोजू नये. आमचे औषधही या नियमास अपवाद नाही.

औषधयोजनेविषयी या पानांतून पुष्कळ लिहिले गेले आहे व जाईल. आमची विनंती एवढीच, की चिकित्सापत्रावर पहिले औषध लिहिण्यापूर्वी वैद्यबंधूंनी रुग्णास एकदा निजवून पाहावे. त्यास लागतात दोन मिनिटे; आम्ही ती वाचविली होती.