तेलविहिरीवरची शाळा

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत किपचे उपकरण हाताळलेल्या शिक्षकांना हायड्रोजन सल्फाइडची ओळख करून द्यायला नको. सडक्या अंड्यांचा वास आला, की हा वायू ओळखावा, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागही नसताना नाकाला तो कळतो. काही तेलविहिरींतून तेलाबरोबर हाच वायू वर येतो. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना मात्र प्रशिक्षणात नेमके उलटे बजावले जाते : नाकावर विसंबू नका!

असे का? या वायूचे प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेले, की काही मिनिटांतच वासाची जाणीव बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे वायू निघून गेला असे वाटते. प्रत्यक्षात तो वाढलेला असतो. पाचशे ते हजार भागांच्या दरम्यान माणूस झटकन बेशुद्ध पडतो आणि त्याचा श्वासही थांबू शकतो. मिथेनची गोष्ट वेगळी. त्याला मुळात वासच नाही. (घरच्या गॅसला येणारा वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो.) हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के असेल, तर एक ठिणगी स्फोटाला पुरते. म्हणून कामगाराला पहिली सवय लावतात ती वायुमापक जवळ बाळगण्याची आणि त्याचा इशारा होताच, वास येवो न येवो, जागा सोडण्याची.

दुसरा धडा याहून अवघड आहे. टाकीत उतरलेला सोबती कोसळला, तर आपण काय करू? धावत जाऊ. नेमके हेच करायचे नसते. हायड्रोजन सल्फाइडचा रेणुभार ३४, तर हवेचा सरासरी सुमारे २९. त्यामुळे तो टाकीच्या तळाशी, खड्ड्यात साचून राहतो. मदतीला धावलेला माणूसही त्यातच सापडतो. आपल्याकडे मलनिःसारणाच्या मॅनहोलमध्ये एकापाठोपाठ एक माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते. आधी इशारा द्या, वाऱ्याची दिशा पाहून बाजूला व्हा आणि श्वसनयंत्र चढवल्याशिवाय आत जाऊ नका, हा क्रम कामगारांकडून पुन्हा पुन्हा गिरवून घेतला जातो. ऐन वेळी विचार सुचत नाही. सवय तेवढी कामी येते.

तिसरा धडा कागदाचा. कामाला हात घालण्यापूर्वी कामगार आणि पर्यवेक्षक मिळून धोक्यांची यादी करतात. येथे दोन शब्दांतला फरक लक्षात घ्यायला हवा. ज्वालाग्राही वायू हा ‘धोका’ आहे. तो गळण्याची शक्यता किती आणि गळल्यास हानी किती, या दोहोंच्या मेळातून ‘जोखीम’ ठरते. दोहोंना १ ते ५ गुण देऊन त्यांचा गुणाकार करतात. गुणाकार मोठा आला, तर उपाय केल्याशिवाय काम सुरू होत नाही. उपायांनाही क्रम असतो. धोका मुळातूनच टाळता आला तर उत्तम; नाहीतर कमी धोक्याचा पदार्थ किंवा पद्धत वापरावी; तेही जमत नसेल तर यंत्राची योग्य रचना करून माणूस व धोका वेगळे ठेवावेत; त्यानंतर नियम व परवाने; आणि सर्वांत शेवटी हेल्मेट, हातमोजे. आपण मात्र सुरक्षितता म्हटली की आधी हेल्मेटच आठवतो!

हा कागदोपत्री कारभार कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर उत्तर समुद्रात, स्कॉटलंडमधील अॅबर्डीनपासून सुमारे १९० किलोमीटरवर मिळाले. तेथे ‘पाइपर अल्फा’ नावाचा तेल व वायू उत्पादनाचा प्लॅटफॉर्म होता. ६ जुलै १९८८ रोजी त्यावरील दोन पंपांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होता. त्याची दाब नियंत्रित ठेवणारी सुरक्षा-झडप तपासणीसाठी काढली होती आणि नळीच्या तोंडावर तात्पुरते झाकण बसवले होते. संध्याकाळपर्यंत काम संपले नाही. झडप दुसऱ्या दिवशी बसवू असे ठरले. रात्री पावणेदहाच्या सुमारास दुसरा पंप बंद पडला व काही केल्या सुरू होईना. रात्रपाळीच्या लोकांना पहिल्या पंपाच्या दुरुस्तीचा परवाना दिसला, पण ते काम अजून सुरूच झालेले नव्हते. झडप काढल्याचा परवाना मात्र वेगळा होता आणि तो त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. त्यांनी पहिला पंप सुरू केला. झाकणातून इंधन फुटून बाहेर आले आणि दहाच्या सुमारास स्फोट झाला.

पुढे चुकांची साखळीच लागली. पाणबुडे पाण्यात उतरत असल्यामुळे आग विझवणारे पंप आपोआप सुरू होणार नाहीत, असे ठेवले होते. शेजारच्या प्लॅटफॉर्मवरून नळांतून येणारा वायूही लगेच थांबवला गेला नाही. अनेक जण निवासकक्षात हेलिकॉप्टरची वाट पाहत थांबले. पण धुरामुळे हेलिकॉप्टर उतरूच शकत नव्हते. वाचलेल्यांपैकी अनेकांनी दोरांवरून उतरून किंवा थेट समुद्रात उड्या टाकून जीव वाचवला. प्लॅटफॉर्मवरील २२६ जणांपैकी ६१ वाचले. बचावनौकेवरचे दोघे धरून एकूण १६७ जण मृत्युमुखी पडले. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात (१९९०) १०६ शिफारशी होत्या. परवान्यांची पद्धत, पाळी बदलतानाचा निरोप आणि आणीबाणीचे प्रशिक्षण यांतील उणिवा या अहवालाने उघड केल्या. झडप काढणाऱ्याला जे माहीत होते, ते पंप सुरू करणाऱ्याला माहीत नव्हते. कागदाचे काम असते ते एवढेच : एकाच्या डोक्यातले दुसऱ्याच्या डोक्यात पोहोचवणे.

आपल्या किनाऱ्याजवळही असा घाला पडला आहे. २७ जुलै २००५ रोजी, मुंबईतल्या प्रलयंकारी पावसाच्या दुसऱ्याच दिवशी, खवळलेल्या समुद्रात मुंबई हायच्या उत्तरेकडील प्लॅटफॉर्मवर एक नौका आदळली. तिने वायूची नळी फुटली आणि आग लागली. एका जखमी कर्मचाऱ्याला हलवण्यासाठी ती नौका जवळ आली होती. ३८४ पैकी ३६२ जणांना वाचवता आले. २२ जणांना जीव गमवावा लागला.

तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने १९८९ मध्ये गोव्यात बेतुल येथे सुरक्षितता, आरोग्य व पर्यावरण यांसाठी संस्था सुरू केली. २०२४ मध्ये गोव्यातच सागरी बचावाचे प्रशिक्षण केंद्रही उघडले. अशा केंद्रांत हेलिकॉप्टरची नकली केबिन तलावात बुडवून उलटी केली जाते. उलटीच का? हेलिकॉप्टरचे इंजिन व पंखे वर असल्याने त्याचा गुरुत्वमध्य उंचावर असतो; पाण्यात पडताच ते उलटते. प्रशिक्षणार्थी एका हाताने खिडकीची चौकट धरून ठेवतो, केबिन स्थिर होईपर्यंत थांबतो, मगच पट्टा सोडून बाहेर पडतो. घाईने पट्टा आधी सोडला, तर वर कोठे आणि खाली कोठे हेच कळत नाही.

हे सारे आपल्या वर्गाला परके नाही. पुढच्या प्रात्यक्षिकापूर्वी फळ्यावर तीन रकाने आखा : धोका, जोखीम, उपाय. ते विद्यार्थ्यांनाच भरू द्या. काचेची फुटकी नळी, स्पिरिटचा दिवा, तीव्र आम्लाची बाटली... यादी वाढत जाईल. आणि तास संपल्यावर ‘काय उघडे राहिले आहे, काय अर्धवट आहे’ हे पुढच्या तुकडीसाठी लिहून ठेवायला सांगा. पाइपर अल्फावर त्या रात्री पोहोचली नाही, ती एवढीच ओळ होती.