रेनोचीं शर्यतीचीं इंजिनें

मालवाहू मोटारींच्या मागील बाजूस 'टर्बो' हा शब्द रंगविलेला आपण पुष्कळदां वाचतों. हा टर्बो म्हणजे काय, आणि शर्यतीच्या मोटारींत ज्या काळीं त्याची थट्टा होत असे त्या काळीं एका कारखान्यानें तो कसा यशस्वी करून दाखविला, हें आमच्या वाचकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे. तो कारखाना म्हणजे फ्रान्समधील रेनो होय.

मोटारींच्या सर्वांत मोठ्या शर्यतींस 'ग्रां प्री', म्हणजे मोठें बक्षीस, असें नांव आहे. पहिली ग्रां प्री जून १९०६ मध्यें फ्रान्समधील ल मां शहराजवळ झाली. दोन दिवसांत सुमारें १,२३८ किलोमीटर अंतर तोडावयाचें होतें. ती शर्यत फेरेंट्स सिस यानें रेनोच्याच मोटारींतून जिंकली. त्या मोटारीचें इंजिन चार सिलिंडरांचें, पण सुमारें १३ लिटरांचें होतें. शक्ति वाढवावयाची तर इंजिन मोठें करावें, अशीच त्या काळची समजूत होती. पुढें १९०८ नंतर रेनोनें ग्रां प्रीकडे पाठ फिरविली, ती १९७७ पर्यंत.

ती परत आली तेव्हां नियम असा होता कीं, साधें इंजिन ३ लिटरांपर्यंत असावें. परंतु हवा दाबून भरणारें असेल तर तें दीड लिटराहून मोठें नसावें. अर्धें इंजिन कोण पत्करणार? सर्वांनीं पहिला मार्ग धरला, रेनोनें मात्र दुसरा. येथें टर्बोची रचना समजून घेतली पाहिजे. इंजिनांत पेट्रोल जळल्यावर उष्ण वायु मोठ्या वेगानें बाहेर पडतो, व त्याच्याबरोबर पुष्कळशी शक्ति फुकट जाते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरानें १९०५ सालींच असें सुचविलें होतें कीं, या वायूनें एक चक्र फिरवावें व त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा इंजिनांत दाबून भरावी. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून शक्ति अधिक. जें वाया जात होतें त्यालाच कामास जुंपावयाचें, हें याचें मर्म.

परंतु कल्पना सुचणें निराळें आणि ती तडीस नेणें निराळें. १६ जुलै १९७७ रोजीं इंग्लंडांतील सिल्व्हरस्टोन येथें झां-पियेर जाबुय यानें रेनोची पिवळी मोटार मैदानांत आणली. पण शर्यत अर्धीही न होतां ती बंद पडली. पुढेंही इंजिनें बिघडत, पांढरा धूर निघे, आणि लोक तिला 'पिवळी किटली' म्हणून हंसत. शिवाय वेग वाढविण्यास पाय दाबला तरी चक्रास गति येईपर्यंत क्षणभर कांहींच घडत नसे, आणि मग सारी शक्ति एकदम उसळे. वळणावर हा विलंब फार नडे. बर्नार द्यूदो व त्यांचे सहकारी व्हिरी-शातियों येथील कारखान्यांत एकेक दोष शोधीत राहिले. अखेर एका मोठ्या टर्बोऐवजीं दोन लहान टर्बो बसविण्यांत आले. लहान चक्रें हलकीं असल्यामुळें लौकर गति घेतात. १ जुलै १९७९ रोजीं फ्रान्समध्येंच दिजों येथें जाबुय पहिला आला. त्यानंतर हंसणारेच टर्बो करूं लागले.

तथापि टर्बोच्या बळावर पहिलें जगज्जेतेपद रेनोस मिळालें नाहीं. १९८३ सालीं तिचा चालक आलें प्रोस्त अवघ्या दोन गुणांनीं मागें राहिला; जिंकलेल्या नेल्सन पिके याच्या मोटारींत बी. एम. डब्ल्यू. चें टर्बो इंजिन होतें! तरी काम थांबलें नाहीं. इंजिनाच्या झडपा पोलादी स्प्रिंगांनीं मिटतात. पण फेरे फार वाढले कीं स्प्रिंग मागें पडते. १९८६ सालीं रेनोच्या इंजिनियरांनीं स्प्रिंग काढून तेथें दाबलेला वायु योजिला. कालांतरानें इतरांनींही हीच रीत उचलली.

१९८९ पासून टर्बोस मनाई झाली, तेव्हां रेनोनें दहा सिलिंडरांचें साधें इंजिन केलें. १९९२ ते १९९७ या सहाही वर्षीं निर्मात्यांचें जगज्जेतेपद विल्यम्स अथवा बेनेटन या संघांनीं तिच्या इंजिनावर मिळविलें. २००५ व २००६ सालीं फर्नांदो आलोन्सो रेनोच्या स्वतःच्या मोटारींत, आणि २०१० ते २०१३ पर्यंत सेबास्टियन फेटेल तिच्या इंजिनावर जगज्जेते झाले. २०१४ सालीं टर्बो परत आला, विजेची जोड घेऊन. पण या खेपेस मर्सिडीझ सरस ठरली. सप्टेंबर २०२४ मध्यें रेनोनें ग्रां प्रीचीं इंजिनें बंद करण्याचें जाहीर केलें. व्हिरीच्या कामगारांनीं उघड निषेध केला, तरी निर्णय फिरला नाहीं, व २०२५ चा हंगाम शेवटचा ठरला.

विद्यार्थिमित्रहो, गणिताच्या वहींत खोडलेलीं उत्तरें पाहून कित्येकांस लाज वाटते. पण पिवळ्या किटलीचें प्रत्येक बिघाड म्हणजे असेंच एक खोडलेलें उत्तर होतें, आणि त्यांच्याखेरीज दिजोंचें उत्तर कधींच आलें नसतें. पहिला मुकुट दुसऱ्यानें नेला, कारखान्यांतील तें कामही आज थांबलें. पण जें त्यांनीं शोधिलें तें सर्वांचें झालें. आमच्या मतें हा लहानसहान विजय नव्हे.