चंडीगडचे वार्तापत्र : भाडेकरूंचे शहर आणि शहराचे भाडेकरू

चंडीगडमध्ये सरकारने कमी भाड्याची घरे बांधली, ती सुरुवातीला सरकारी नोकरांसाठी. फाळणीत लाहोर गेले, पंजाबला नवी राजधानी हवी होती. 1951 पासून वास्तुविशारद ल कार्बुझिएच्या आराखड्याप्रमाणे शहर उभे राहू लागले, तेव्हा घरांचे काम पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या त्याच्या सहकाऱ्यांकडे आले. त्यांनी मुख्यमंत्र्यापासून शिपायापर्यंत, पगाराच्या पायरीप्रमाणे घरांचे 13 प्रकार बेतले. सर्वात खालच्या प्रकारातही दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास आणि मागे छोटे अंगण होते. त्या काळच्या हिंदुस्थानात शिपायाला असे घर देणारी राजधानी दुसरी सापडणे कठीण, आणि त्याचे श्रेय या तिघांना दिलेच पाहिजे.

मात्र ज्यांनी विटा वाहिल्या, त्यांच्यासाठी घराचा कोणताही प्रकार कोणी आखला नाही. बांधकामावरचे मजूर, सायकल-रिक्षावाले, धुणीभांडी करणाऱ्या बायका यांची नोंद सरकारी पगारपत्रकात नव्हती, म्हणून नकाशातही नव्हती. त्यांच्या झोपड्या शहर बांधून होण्याआधीच उभ्या राहिल्या. मधु सरीन यांनी 1982 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हा इतिहास तपशीलवार मांडला आहे. आजचा भाड्याचा प्रश्न तिथूनच निघतो.

भाड्यासाठी नियमित आर्थिक मदत या शहरात कोणाला मिळते हे पाहिले, तर उत्तर पुन्हा नोकरदार असेच येते. केंद्राच्या नियमांत चंडीगड शहरांच्या 'वाय' वर्गात मोडते. सरकारी घर न मिळालेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला मूळ पगाराच्या 20 टक्के घरभाडे भत्ता मिळतो. अमेरिकेत 1974 साली सुरू झालेल्या योजनेत निवड झालेल्या गरीब कुटुंबाचे भाडे त्याच्या उत्पन्नाच्या साधारण 30 टक्क्यांवर गेले, की वरचा भाग सरकार घरमालकाला देते. तशी सोय येथल्या रोजंदारीवरच्या माणसासाठी नाही. त्याच्यासाठी मदत म्हणजे सवलतीच्या दराची खोली. खोली मिळाली तर मदत, नाही मिळाली तर काही नाही.

अशा खोल्यांचा मोठा प्रयत्न 2006 च्या 'स्मॉल फ्लॅट' योजनेत झाला. 18 वसाहतींतल्या कुटुंबांच्या बोटांचे ठसे आणि छायाचित्रे घेऊन यादी झाली आणि 25,728 सदनिका बांधायचे ठरले. काम चंडीगड हाउसिंग बोर्डाकडे होते. धनासमध्ये 8,448 आणि मलोयात 4,960 सदनिका उभ्या राहिल्या. या चार मजली इमारतींतली प्रत्येक सदनिका म्हणजे एक खोली, स्वयंपाकाची जागा, न्हाणीघर, संडास आणि गॅलरी. घर मालकीचे नाही, 20 वर्षांच्या परवान्यावर दिलेले. परवाना शुल्क सुरुवातीला महिना 800 रुपये, दर पाच वर्षांनी 20 टक्के वाढ.

मुंबईच्या वाचकाला हा फरक लगेच कळेल. महाराष्ट्रात 1995 पासूनच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पात्र झोपडीधारकाला घर मालकीचे आणि फुकट मिळते. त्याचा खर्च बिल्डर विक्रीच्या इमारतींतून काढतो. चंडीगडने जमिनीची मालकी हातची सोडली नाही. यामुळे टॉवरांची दाटी टळली आणि घर बाजारात जाण्याची वाटही कागदोपत्री बंद राहिली. तरी पाहणीत मूळ परवानाधारकाऐवजी भलतेच लोक राहताना आढळले, नोटिसा गेल्या, काही परवाने रद्द झाले. थकबाकी कोट्यवधी रुपयांवर गेली. ज्याचे काम सुटले त्याला एवढे शुल्कही जड जाते, हे एक कारण. दुसरे असे की, आज ना उद्या घर नावावर होईल या आशेवर अनेकांनी शुल्क भरणे लांबवले. मालकी हक्काची मागणी प्रत्येक निवडणुकीत ऐकू येते.

2006 च्या यादीत नाव नसलेल्यांचे काय, हा त्या योजनेतला सर्वात दुखरा भाग. नंतर आलेली सून, वेगळा झालेला मुलगा, 2007 साली बिहारहून उतरलेला गवंडी, सगळे यादीबाहेर. कोविडच्या टाळेबंदीत मजूर पायी गावी निघाले, तेव्हा कुठे केंद्राला भाड्याच्या घरांची निकड दिसली आणि जुलै 2020 मध्ये परवडणाऱ्या भाडे-गृहसंकुलांची योजना मंजूर झाली. रिकाम्या पडलेल्या सरकारी सदनिका भाड्याने देणे हा तिचा एक मार्ग. चंडीगडने मलोयातल्या 2,195 सदनिका त्यात घातल्या, महिना 3,000 रुपये भाड्याने. 1 मे 2022 रोजी, कामगार दिनीच, औद्योगिक क्षेत्रातली कॉलनी नंबर 4 पाडली गेली आणि तिथल्या अनेक कुटुंबांना याच सदनिका देऊ केल्या. शेजारच्या इमारतीत 800 च्या घरातला परवाना आणि इथे 3,000, हा फरक फक्त एका यादीच्या तारखेमुळे पडला. न्यायाच्या दृष्टीने तो पटणारा नाही.

बाकीच्यांना भाड्याने जागा देतात ती गावे. सेक्टर 45 मधले बुडैल, 42 मधले अटावा, 52 मधले कजहेडी ही शहराने वेढलेली जुनी गावे. गावठाणाच्या हद्दीला इकडे लाल डोरा म्हणतात; त्याच्या आत बांधकामाचे नियम वर्षानुवर्षे सैल राहिले. बुडैलच्या गल्लीत शिरले की वर आकाशाची एक पट्टी आणि विजेच्या तारांचा गुंता दिसतो. अरुंद जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर ओळीने खोल्या, टोकाला सामायिक नळ आणि संडास, प्रत्येक दाराशी वेगळा सब-मीटर. विजेचा दर मालक ठरवेल तो. लेखी करार बहुधा नसतोच, त्यामुळे पत्त्याचा पुरावा मिळत नाही, आणि पुरावा नसला की सरकारी योजनेचा अर्ज अडतो. दुसरा निवारा मोठ्या कोठ्यांच्या, म्हणजे बंगल्यांच्या, मागच्या बाजूला: नोकरांची खोली, जिचे भाडे घरकामातून फिटते. काम सुटले की त्याच दिवशी छप्परही जाते.

विद्यार्थ्यांचा बाजार वेगळा. पंजाब विद्यापीठ आणि शिकवणी वर्गांमुळे घरोघरी पीजी (पेइंग गेस्ट) चालतात. नियमाप्रमाणे घर किमान साडेसात मरल्यांचे (मरला हे इकडचे जमिनीचे माप) हवे आणि माणशी 50 चौरस फूट जागा हवी. फेब्रुवारी 2020 मध्ये सेक्टर 32 मधल्या एका पीजीला आग लागून तीन तरुणींचा जीव गेला. तपासणीचा धडाका त्यानंतर लागला. तो आवश्यकच होता; पण बंद झालेल्या जागांच्या बदल्यात नवी वसतिगृहे तितक्या वेगाने आली नाहीत.

चंडीगडची जागाच 114 चौरस किलोमीटर. त्यामुळे भाडे न परवडणारे हद्दीपलीकडे जातात: पंजाबातले नयागाव, खरड, झिरकपूर किंवा हरियाणातले पंचकुला. नयागाव तर विधानसभा-सचिवालयाच्या कॅपिटॉल संकुलाच्या मागेच आहे. तिथला भाडेकरू सकाळी चंडीगडमध्ये कामाला येतो, पण चंडीगडच्या कोणत्याही यादीत बसत नाही. तीन प्रशासने असलेल्या या एकाच नागरी पट्ट्यात भाड्याच्या घरांची योजना मात्र प्रत्येकाची आपापल्या हद्दीपुरती आहे.