गहू वाढला, पण नत्र खरंच हवेतून आलं का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी कुंड्यांमध्ये गहू लावला. अर्ध्या बियाण्याला अ‍ॅझोस्पिरिलम या जिवाणूचं संवर्धन चोळलं, अर्धं तसंच पेरलं. जिवाणू लावलेली रोपं चांगली हिरवीगार आली. मी खूश होऊन आलेख काढला आणि खाली लिहिलं, ‘नत्र स्थिरीकरणामुळे वाढ’. गाईडनी एवढंच विचारलं, "‘मुळे’ कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळा प्रयोग पुन्हा करावा लागला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून ही पोस्ट.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण गव्हाला तो थेट वापरता येत नाही. त्याच्या रेणूतला तिहेरी बंध तोडायला नायट्रोजिनेज हे एन्झाइम लागतं आणि ते काही सूक्ष्मजीवांकडेच असतं. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी असतात. गाठीतल्या रायझोबियमला रोप अन्न पुरवतं, ऑक्सिजनपासून जपतं आणि बदल्यात नत्र घेतं. गव्हाला अशा गाठी येत नाहीत. अ‍ॅझोस्पिरिलम त्याच्या मुळांवर आणि आसपास राहतं. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला साधारण १६ एटीपी खर्च होतात, त्यामुळे मिळवलेलं नत्र जिवाणू बरंचसं स्वतःच वापरतो. त्यात जमिनीत युरियामुळे अमोनियम भरपूर असेल, तर हे काम तो बंदच करतो.

तरीही पीक वाढतं, हे खोटं नाही. १९९४ मध्ये ओकॉन आणि लाबांदेरा-गोन्झालेस यांनी वीस वर्षांतल्या शेतातल्या प्रयोगांचा आढावा घेतला. ६० ते ७० टक्के प्रयोगांत वेगवेगळ्या पिकांचं उत्पादन ५ ते ३० टक्के वाढलेलं दिसलं. मग हे होतं कसं? अ‍ॅझोस्पिरिलम ऑक्झिन हे संप्रेरक बनवतं. त्यामुळे मुळांना फांद्या आणि केसमुळं जास्त फुटतात आणि रोप जमिनीतलंच पाणी आणि नत्र जास्त ओढून घेतं. नत्र स्थिर न करू शकणाऱ्या म्युटंट जिवाणूंनीही रोपांची वाढ झाल्याचं दिसलं आहे.

म्हणजे वाढ एकच, पण कारणं दोन असू शकतात. हा फरक फक्त थिसिसपुरता नाही. नत्र जमिनीतूनच येत असेल आणि आपण ‘आता युरिया निम्मा करा’ असं सांगितलं, तर जमिनीचा साठा संपत जाईल आणि फटका शेतकऱ्याला बसेल.

मग प्रयोगात काय हवं?

१. मेलेल्या जिवाणूंचा कंट्रोल: तेच संवर्धन ऑटोक्लेव्ह करून बियाण्याला लावा. संवर्धनातल्या पोषकद्रव्यांचा परिणाम वेगळा कळतो.

२. म्युटंटचा कंट्रोल: नायट्रोजिनेज नसलेला, बाकी सारखा जिवाणू. त्यानेही तेवढीच वाढ झाली, तर श्रेय स्थिरीकरणाला देता येत नाही.

३. नायट्रोजन-१५: हा जड समस्थानिक असलेलं थोडं खत मातीत मिसळा. रोपाने हवेतलं नत्र घेतलं, तर त्याच्यातलं नायट्रोजन-१५चं प्रमाण जिवाणू न लावलेल्या रोपापेक्षा कमी दिसेल. नुसती मुळं वाढून मातीतलं नत्र जास्त आलं, तर हे प्रमाण फारसं बदलणार नाही.

सिनॉप्सिस लिहिताना ‘मुळे’ हा शब्द जिथे जिथे येईल तिथे थांबा. तो खोडून काढू शकेल असा कंट्रोल आपल्या आराखड्यात आहे का, ते बघा. नसेल, तर कुंड्या भरण्याआधी तो घाला.