विमा कंपनीकडून माहिती फुटली, तर भरपाई कोण देणार?

सप्टेंबर २०२४ मध्ये स्टार हेल्थ या आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती टेलिग्रामवर मिळत असल्याचे उघड झाले. नाव, पत्ता, फोन क्रमांक, ओळखपत्रांच्या प्रती, क्लेमची कागदपत्रे आणि तपासण्यांचे अहवालही त्यात होते. ३ कोटी १० लाख ग्राहकांची माहिती आपल्या हाती असल्याचा दावा हॅकरने केला. कंपनीने टेलिग्राम व हॅकरविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात दावा लावला. हा दावा माहितीचा प्रसार थांबवण्यासाठी होता. ग्राहकाला भरपाई हवी असेल, तर ती त्याने स्वतः मागावी लागते.

धोका कुठे आहे?

पासवर्ड बदलता येतो, आजाराचा अहवाल बदलता येत नाही. समजा, फोनवरची व्यक्ती तुमचा पॉलिसी क्रमांक, रुग्णालयाचे नाव आणि शस्त्रक्रियेची तारीख अचूक सांगते आणि म्हणते, ‘क्लेमचे पैसे जमा करायचे आहेत, ओटीपी सांगा.’ विश्वास बसणारच! इथेच बचत खाते रिकामे होते.

पैसे गेले असतील तर

त्याच क्षणी बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. चूक बँकेची नाही, तुमचीही नाही, त्रुटी अन्यत्र आहे, अशा व्यवहारात बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राहकावर नुकसानीचा भार येत नाही. मात्र ओटीपी आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपल्यालाच सोसावे लागते.

भरपाई मागण्याचे मार्ग

१. कंपनीकडे लेखी तक्रार: कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल करा. माझी कोणती माहिती फुटली, केव्हा फुटली, कंपनीने काय उपाय केले, हे विचारा. समाधान न झाल्यास विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करा. विमा लोकपालाचे काम मुख्यतः क्लेम, हप्ते आणि पॉलिसीच्या सेवेबाबतच्या तक्रारींचे असते.

२. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ४३-अ: संवेदनशील माहिती सांभाळण्यात कंपनीने हलगर्जी केली आणि त्यामुळे नुकसान झाले, तर भरपाई मागता येते. वैद्यकीय नोंदी संवेदनशील माहितीत मोडतात. ५ कोटी रुपयांपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे न्यायनिर्णय अधिकारी म्हणून चालतात. त्यासाठी शुल्क असते.

३. ग्राहक आयोग: ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती उघड करणे हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथेत येते. सेवेतील त्रुटी आणि मनस्ताप यांसाठीही दाद मागता येते. आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनी चेन्नईची असली, तरी बेंगळुरूच्या रहिवाशाला तिकडे जावे लागत नाही. भरलेला हप्ता ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

नव्या कायद्याने काय बदलेल?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. माहिती फुटल्यास कंपनीला ती ग्राहकाला कळवावी लागेल. सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल. पण तो दंड सरकारी तिजोरीत जमा होईल, ग्राहकाच्या खात्यात नाही. शिवाय त्याच वेळी कलम ४३-अ रद्द होईल. म्हणून ज्यांचे नुकसान आधीच झाले आहे, त्यांनी वाट पाहत बसू नये.

पुरावा जपा

माहिती फुटली म्हणजे आपोआप भरपाई मिळते असे नाही. नुकसान आणि त्याचा माहिती फुटण्याशी संबंध दाखवावा लागतो. म्हणून पॉलिसी, हप्त्याच्या पावत्या, कंपनीचे ई-मेल, फसव्या कॉलची तारीख-वेळ, संदेशांचे स्क्रीनशॉट, बँकेचे स्टेटमेंट आणि १९३० वरील तक्रारीचा क्रमांक एका फाइलमध्ये ठेवा. आपल्या नावावर कोणी कर्ज काढले नाही ना, हे पाहण्यासाठी क्रेडिट अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो, तोही मागवा. एखादा अनोळखी कर्ज खाते क्रमांक त्यात दिसला, तर त्या बँकेला आणि अहवाल देणाऱ्या संस्थेला लगेच लेखी कळवा.